मुली बघायचं काम

बॉल आला तेव्हा ओडेसा मेब्रीच्या एका हातात चिप्सची फाडलेली पिशवी होती, वरून तिखट खिमा आणि चीज ओतलेली, आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचा काटा. पुढच्या क्षणी पिशवी खाली होती, खिमा शेजारच्या माणसाच्या बुटावर होता, आणि बॉल तिच्या दोन्ही हातांत. कसा, ते तिला कळलंच नाही. ती विचार करायच्या आत हातांनी आपलं काम उरकून घेतलं होतं. बोटं पसरलेली, अंगठे मागे, कोपरं आत. घामाने किंचित ओलसर झालेलं ते खरखरीत कातडं तळव्यांना लागलं आणि ओडेसाला छातीत कुठेतरी धक्का बसला. चालता चालता पायरी चुकावी तसा, अगदी लहान. तिच्या समोर, बाकांच्या पहिल्या रांगेत एक गुडघा टेकून, धापा टाकत एक उंच, सडसडीत मुलगी उभी होती. हिलाच बघायला ओडेसा दोन तास बर्फातून गाडी हाकत आली होती. "माझा चुकला, कोच," ओडेसाच्या जाकिटावरचं कॉलेजचं नाव बघून मुलगी म्हणाली. पास चुकल्याचं तिला काही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट ती हसत होती. एवढी वेडीवाकडी फेक आपल्या हातून झाली तरी कशी, याची तिलाच गंमत वाटत असावी. तिने हात पुढे केले. ओडेसाने बॉल द्यायला हवा होता. तिने दिला, पण लगेच नाही. मधे एक क्षण गेला, आणि त्या क्षणात तिला स्वतःला नीटच कळलं, की आपल्याला हा द्यायचा नाहीये.

खेळ पुन्हा सुरू झाला. शेजारच्या माणसाने रुमालाने बूट पुसला आणि "काही हरकत नाही बाई, जुनाच आहे" असं म्हणून तो पुन्हा पंचांना नावं ठेवायला लागला. ओडेसा हात मांडीवर उताणे ठेवून बसली. हातांना अजून काहीतरी लागत होतं. हे बरं लक्षण नव्हे, तिने स्वतःला सांगितलं. मुली बघायचं काम करणाऱ्या माणसाने असं करायचं नसतं. छोट्याशा कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती दुय्यम कोच. थंडीचे सगळे शनिवार तिचे असे कुठल्या ना कुठल्या शाळेच्या जिममधे जात. लाकडी बाकं, पॉपकॉर्नचा आणि ओल्या लोकरीचा वास, बँडमधला एक तरी ट्रॉम्बोन बेसूर. मुलगी बघायची, परत जायचं, वेंडेलला सांगायचं. वेंडेल मुख्य कोच, वयाने तिच्याहून बराच लहान, हुशार, आणि आकड्यांवर भिस्त ठेवणारा. त्याला विंग हवी होती, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारी, लांबून टाकणारी, पुढच्या माणसाला अडवणारी, थोडक्यात सगळंच करणारी मुलगी. जागा एकच उरली होती. त्या जागेसाठी इलिनॉयमधली एक मुलगी जवळजवळ ठरलेली होती. सामन्याला वीस पॉइंट्स करणारी, व्हिडिओत बघितलं तरी डोळे दिपतील अशी. तिला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. "साउथ बेंडची ती विचोरेक तेवढी बघून ये," वेंडेल म्हणाला होता, "म्हणजे नंतर मनात राहायला नको." तेव्हा ओडेसा खरं म्हणजे नाही म्हणायलाच आली होती. नाही म्हणणं सोपं असतं. त्यासाठी फारसं बघावं लागत नाही.

आणि जे दिसत होतं ते नाही म्हणावं असंच होतं. ओडेसा बॉलकडे कधी बघत नसे. बॉलकडे सगळेच बघतात. ती पायांकडे बघे, कंबरेकडे, बॉल लांब असताना मुलगी काय करते त्याकडे, बाकावर बसवल्यावर तोंड कसं होतं त्याकडे. मॅरेन विचोरेकचे पाय चांगले होते, हलके. पण कंबर उंच ठेवून खेळायची, खाली वाकायला शिकवावं लागलं असतं. लांबून दोनदा टाकला, दोन्ही वेळा रिंगला लागून बाहेर. आणि डावा हात, तो खांद्यापासून खाली नुसता लोंबत होता. उजवीकडून ती सुरीसारखी आत शिरे. डावीकडे जायची वेळ आली की थबकायची, बॉल फिरवून पुन्हा उजव्या हातात घ्यायची, आणि तोवर समोरची मुलगी आडवी यायची. हे ओडेसाने पहिल्या काही मिनिटांतच पाहून ठेवलं होतं. मग वेंडेलला फोन करून ती मोकळी का झाली नाही? बाहेर पार्किंगमधे तिची गाडी बर्फाखाली जात होती. रस्ते बंद व्हायच्या आत निघायला हवं होतं. पण हात अजून मांडीवर उताणे होते.

ओडेसाच्या लहानपणीच्या गावात, गॅरीमधे, चर्चच्या मागे एक सिमेंटचं मैदान होतं. रिंगला जाळी नव्हती. कोणीतरी साखळी बांधली होती, बॉल आत गेला की ती खळखळायची. ओडेसाला चार थोरले भाऊ, आणि चौघांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं, की ओडीला बॉल द्यायचा नाही. ती मैदानाच्या कडेला उभी राहायची. बॉल बाहेर गेला, गटारात गेला, पोलादाच्या कारखान्याच्या कुंपणापर्यंत घरंगळत गेला, की धावायची तीच. आणून द्यायची. पण आणून देईपर्यंत बॉल तिचा असे. म्हणून ती हळू चालत यायची, आपटत आपटत, आणि भावांतला लूशस ओरडायचा, "आणतेस का लहानाचा मोठा करतेस त्याला?" मग एक दिवस तिला कळलं की बॉल कुठे जाणार हे आधीच ओळखता आलं, तर तो बाहेर जायची वाटच बघावी लागत नाही. मुलं टाकत असताना ती त्यांच्या मनगटाकडे बघायला लागली. लूशसचं मनगट आत वळतं, म्हणजे बॉल डाव्या बाजूने उडणार. ती आधीच तिथे. भावांना वाटायचं पोरगी नशीबवान आहे. वडील पाळी संपवून घरी जाताना कुंपणापाशी थांबायचे, डबा हातात, चेहऱ्यावर धूळ. काही बोलायचे नाहीत. एकदा फक्त लूशसला म्हणाले, "अरे, तिला घे खेळात. तुम्ही चौघं कुठे जाणार ते तिला कळतंय, तुम्हाला कळत नाहीये." त्या उन्हाळ्यात तिला खेळात घेतलं. त्या उन्हाळ्याची आठवण म्हणजे ओडेसाला काही विशेष प्रसंग आठवत नसत. नुसता उजेड आठवे, सरोवरावरून येणारा वारा, आणि पोटातून विनाकारण फुटणारं हसू.

तेच हसू तिने आज समोरून येताना पाहिलं होतं, आणि तिथेच तर घोटाळा होता. मध्यंतर झालं, चिअरलीडर मुली एकमेकींच्या खांद्यांवर चढल्या, आणि ओडेसा दुसरी पिशवी घ्यायला रांगेत उभी राहून स्वतःशी वाद घालत होती. तू त्या मुलीला बघतेयस, की कुंपणाजवळच्या ओडीला? कोणी हसतं म्हणून कोणाला कॉलेजात घेत नाहीत. हसण्याचे पॉइंट्स मिळत नाहीत. इतक्या वर्षांत तिने कितीतरी कोच असे पाहिले होते, ज्यांना एखाद्या मुलीत आपलं तरुणपण दिसतं आणि मग चार वर्षं ती मुलगी बाकावर बसून त्यांच्या तरुणपणाची राखण करते. खिमा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिखट जास्त घालू का?" ओडेसा म्हणाली, "घाला." तिने ठरवलं, उरलेला सामना आपण रागाने बघायचा. या मुलीवर चिडूनच बघायचं. चुका काढायच्या. त्यातूनही काही उरलं तर उरलं.

पण रागाने बघायला लागल्यावर तिला जास्तच दिसायला लागलं. मॅरेन सतत बोलत होती. मागे राहून बोटाने मैत्रिणींना जागा दाखवत होती, "तू खाली, तू तिच्या मागे, आता येईल बघ इकडून," आणि खरोखरच तिकडूनच येत होतं. एकदा तिने स्वतः लांबून टाकला, आणि बॉल हवेत असतानाच ती धावायला लागली, रिंगच्या उजव्या बाजूला, जिथे कोणीही नव्हतं. बॉल रिंगच्या कडेवर आपटून नेमका तिथेच आला. हातातून सुटतानाच तिला कळलं होतं की हा जाणार नाही आणि कुठे पडणार. ओडेसाने चावायचं थांबवलं. मग सामन्याच्या शेवटी, दोन्ही बाजू बरोबरीच्या आसपास असताना, पाहुण्या संघाची सोनेरी वेणीवाली मुलगी, जी दुपारभर कुठूनही टाकत होती आणि बॉल आत जात होता, ती बॉल घेऊन मॅरेनसमोर आली. सगळं जिम उभं राहिलं. मॅरेनने काहीच केलं नाही, म्हणजे दिसण्यासारखं काही केलं नाही. उडी मारली नाही, हात मारला नाही. फक्त अर्धं पाऊल सरकून उभी राहिली. ते अर्धं पाऊल अशा जागी होतं, की वेणीवालीला तिची आवडती बाजू सोडून जावं लागलं. आणि तिने तिकडून टाकला तेव्हा तिचा तोल आधीच गेला होता. बॉल रिंगच्या खालून गेला. झेलला दुसऱ्याच मुलीने, टाळ्या तिला मिळाल्या, बँडने तिच्यासाठी वाजवलं, आणि सगळ्यांच्या मागून मॅरेन दोन्ही हात वर करून नाचत निघाली होती, जणू झेलणारीने खरंच फार मोठं काम केलं होतं. ओडेसा मोठ्याने हसली. शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. या मुलीने तिला वाचलंय, ओडेसाच्या मनात आलं. दुपारभर खेळता खेळता त्या वेणीवालीला काय जमत नाही ते शोधून ठेवलंय, आणि लागेल तेव्हाच काढलंय. हे ओडीला नव्हतं येत. ओडी नुसती बॉल कुठे जाणार ते ओळखायची. ही माणसं कुठे जाणार नाहीत ते ओळखते. तेव्हा ही ओडी नव्हे. ही दुसरीच कोणीतरी आहे. त्या विचाराने तिला एकदम हलकं वाटलं. स्वतःच्या आठवणीतून सुटून ती प्रथमच त्या मुलीकडे, नुसत्या त्या मुलीकडे, बघू शकली.

तिने ट्रॉफ्यांच्या कपाटापाशी उभं राहून वेंडेलला फोन लावला.

"किती केले तिने?" वेंडेलने विचारलं.

"सहा-सात असतील. मोजले नाहीत."

"मोजले नाहीस? मग तुला पाठवतो कशाला मी?"

"बघायला पाठवतोस. बघितलं."

"लांबून टाकते?"

"टाकते. जात नाहीत."

"आणि डावा हात?"

"हात आहे. पण त्याची आणि बॉलची अजून ओळख झालेली नाही."

वेंडेलने सुस्कारा सोडला. "ओडेसा, अगं मग ती मुलगी करते तरी काय?"

हे सांगणं अवघड होतं. कपाटाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या मागे जुन्या जुन्या संघांचे फोटो, कान झाकणाऱ्या केसांच्या मुली. "समोरच्याला जे जमत नाही," ती म्हणाली, "तेच ती त्याला करायला लावते. आणि कोणाला पत्ता लागत नाही. तिचं नाव कुठे लागत नाही आणि तिला त्याचं काही वाटत नाही. उलट मजा येते."

"इलिनॉयची मुलगी सामन्याला वीस करते."

"करू दे. पुढच्या वर्षी पण वीस करेल. कॉलेज संपताना पण वीसच करेल. तिची वाढ झालीय, वेंडेल. ही अजून वाढतेय. लांबून टाकायला मी शिकवेन. हे जे आहे ते मला कोणाला शिकवता यायचं नाही, तुला पण नाही."

"म्हणजे तुझ्या शब्दावर घ्यायची."

"हो."

"आणि फसलो तर?"

"तर तू मला रोज ऐकवशील. तसंही ऐकवतोसच."

मग वेंडेल म्हणाला, "तू काही खातेयस का?"

"नाही."

"मग आवाज असा का येतोय तुझा?"

"हसतेय मी."

"हसतेयस," तो म्हणाला. तो आकड्यांवर भिस्त ठेवणारा होता खरा, पण मूर्ख नव्हता. ओडेसाला फोनवर हसताना त्याने कधी ऐकलं नव्हतं हे त्याच्याही लक्षात आलं असावं. "बरं. विचार तिला. आज हो म्हणाली तर जागा तिची. नाहीतर मी इलिनॉयला फोन करतो."

जिम रिकामं होत आलं होतं. शाळेच्या कोचने मान हलवून मॅरेनशी बोलायला परवानगी दिली आणि तो आपल्या कामाला गेला. मॅरेन शेवटच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सैल करत होती, आणि वरच्या रांगेत कामाच्या जाड कोटात, टोपी गुडघ्यावर ठेवून एक बाई बसल्या होत्या. सामना अर्धा झाल्यावर आलेल्या त्या पॉला, मॅरेनची आई. त्यांच्या कोटाच्या खिशातून पक्कड डोकावत होती. ओडेसाने जे सांगायचं ते सरळ सांगितलं. जागा आहे, शिक्षणाचा खर्च कॉलेज बघेल, आम्हाला तू हवी आहेस. असं सांगताना मुलींचे चेहरे काय होतात ते तिला ठाऊक होतं. काही रडत, काही आईच्या गळ्यात पडत. मॅरेन लाल झाली, मग बुटांकडे बघायला लागली.

"थँक्यू, कोच," ती म्हणाली. "म्हणजे खरंच. पण मी आईच्या लाइनमधे जाणार आहे. इलेक्ट्रिशियन. त्यांच्या कामगार युनियनने काम शिकायला घेतलंय मला, उन्हाळ्यात सुरू होतंय."

"मी नाही सांगितलं तिला," वरून पॉला म्हणाल्या. "तिचं तिने ठरवलं. माझ्याकडे बघू नका."

ओडेसा बाकावर बसली. इतका वेळ आपण निवडायचं की नाही एवढाच प्रश्न आहे असं ती धरून चालली होती. "खेळायचं नाही पुढे?" तिने विचारलं.

"खेळायचंय ना. म्हणून तर." मॅरेनने बूट काढून मांडीवर घेतला, त्याच्या तळव्यावरून बोट फिरवायला लागली. "आमच्या इथली एक मुलगी गेली होती दोन वर्षांपूर्वी, मोठ्या कॉलेजात. काय खेळायची कोच, तुम्ही बघायला हवं होतं. ती परत आली आणि आता बॉलला हात लावत नाही. मी म्हटलं चल ना पार्कात, तर म्हणाली, सुट्टीच्या दिवशी काम कोण करतं? मला तसं व्हायचं नाहीये. वायरिंग हे काम आहे, ते कामच राहील, चालेल. पण हे," तिने मान वळवून रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, "हे पण काम झालं तर मग माझ्याकडे काय उरलं?" आणि मग, उद्धटपणे नव्हे, अगदी सहज, हवामान विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्हाला अजून मजा येते?"

याचं उत्तर ओडेसाकडे तयार होतं. कितीतरी घरांतल्या सोफ्यांवर बसून, कितीतरी आईवडिलांनी पुढे केलेला केक खात तिने ते दिलं होतं. चांगलं उत्तर होतं, त्यात कष्ट, जिद्द आणि प्रेम हे तिन्ही शब्द येत. तिने तोंड उघडलं आणि ते उत्तर आलं नाही. त्याऐवजी तिला गेले कित्येक हिवाळे दिसले, एकामागे एक, सगळे लाकडी बाकांवरून पाहिलेले. वाईट नव्हते. तिच्या मुलींनी तिला लग्नांना बोलावलं होतं, बाळांचे फोटो पाठवले होते. पण मजा? कामात असताना आपण किती वेळ गप्प असतो हे माणसाला कळत नाही, तसं ते होतं. हसू कधी थांबलं ते कळलं नव्हतं. आज पुन्हा सुरू झालं म्हणूनच थांबल्याचं कळलं.

"आज आली," ती म्हणाली.

"आज."

"हो. तुला खोटं कशाला सांगू. मधे बरीच वर्षं मी नुसती बघत होते. काम चांगलं करत होते, पण बघतच होते. त्या मुलीचं झालं ते कुणाचंही होतं. तुझंही होईल कदाचित. होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही." ती थोडी थांबली. "पण एक सांगते, ते गेलं तरी कायमचं जात नाही. हे मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं."

मॅरेन तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मांडीवरचा बूट पुन्हा पायात घातला, नाडी ओढून बांधली, आणि बाकाखालून बॉल काढला. "चला मग," ती म्हणाली.

"कुठे चला? माझं वय बघ."

"मला अडवून दाखवा. तुम्हाला मी हवी आहे म्हणता, मग मला काय येत नाही ते माहीत असेल ना तुम्हाला."

"बर्फाचे बूट आहेत माझ्या पायात."

"काढा की."

ओडेसाने वर पाहिलं. पॉलांनी खांदे उडवले. "लहानपणापासून अशीच आहे हो. दुकानात गेलं तरी दुकानदाराला म्हणायची, चल खेळू."

ओडेसाने बूट काढले, लोकरीचे मोजेही काढले, कारण मोज्यांनी घसरली असती. जानेवारीतल्या लाकडी फरशीचा गारवा तळपायांतून थेट पोटऱ्यांत चढला. अनवाणी ती कधी खेळली होती? गॅरीतही नाही, तिथे काचा असत. ती मैदानात गेली, गुडघे वाकवले, हात पसरले, आणि अंगाला सगळं आठवलं. मॅरेन उजवीकडून येणार हे तिला माहीत होतं. ती उजवी वाट अडवून उभी राहिली. मॅरेन आली, थबकली, मागे गेली. पुन्हा आली, या खेपेला ओडेसाने हात घातला आणि बॉल हिसकावून घेतला, अगदी सोलून घ्यावा तसा, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कोणत्याही कोचच्या तोंडी शोभला नसता. मॅरेन हसायला लागली. ओडेसाही हसायला लागली. वर पॉला म्हणाल्या, "बाई, तुम्ही भारी आहात," आणि दोन रांगा खाली येऊन बसल्या. मैदानाच्या त्या टोकाला झाडूवाला माणूस झाडू टेकवून उभा राहिला होता. ओडेसाचा श्वास भात्यासारखा चालला होता, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तिला कोणाचीही, स्वतःचीसुद्धा, परीक्षा घ्यायची नव्हती. "डावीकडून येताच येत नाही तुला," ती म्हणाली, "ये, उजवीकडूनच ये, माझी पाठ धरायच्या आत ये." मॅरेन आली. उजवा खांदा खाली गेला, ओडेसा तिकडे झुकली, आणि मग बॉल दुसऱ्याच बाजूला होता. डाव्या हातात. वेडावाकडा, छातीइतका उंच उडणारा, कुठल्याही क्षणी सुटेल असा; पण त्या हातात, आणि ओडेसाच्या पलीकडे. तिने वळायचा प्रयत्न केला आणि अंग वळलं नाही. मॅरेनने डाव्या हातानेच बॉल वर भिरकावला. तो बोर्डला लागला, रिंगवर दोनदा फिरला, विचार केल्यासारखा थांबला आणि आत पडला.

ओडेसा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "डावा हात नाहीये तुला," ती धापा टाकत म्हणाली.

"नाहीच आहे. घाण आहे तो." मॅरेनही धापा टाकत होती. "पण तुमचा उजवा गुडघा वळत नाही. मघाशी बाकांवरून उतरताना बघितलं मी, प्रत्येक पायरीला तुम्ही उजवा पाय आधी टाकत होता. म्हटलं, हात कसाही असू दे, तिकडून गेलं तर कोच यायच्या नाहीत."

तिच्या गुडघ्याबद्दल कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं; वेंडेलला नाही, मुलींना नाही. तिने तो सगळ्यांपासून नीट लपवून ठेवला होता. आणि या पोरीने, घामाघूम, नुकताच सामना संपवून, मैत्रिणींच्या गराड्यातून, एक अनोळखी बाई पायऱ्या उतरताना पाहिली आणि ते वाचलं. राग यायला हवा होता. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना.

"अजून काय काय बघितलंस माझं?" तिने विचारलं.

"बरंच," मॅरेन म्हणाली. मग ती बॉल कडेवर घेऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "तुम्ही शिकवणार का मला, की तुम्ही बाहेर मुली बघत फिरणार आणि शिकवणार दुसरंच कोणी?"

"मी शिकवेन."

"असं? समोर उभं राहून?"

"गुडघा चालतोय तोवर."

"आणि मजा गेली तर?"

"तर तू मला सांगायचंस. आणि माझी गेली तर मी तुला सांगेन. तेवढं आपण एकमेकींना सांगू शकतो."

मॅरेनने याचा विचार केला. अगदी मनापासून केला. ओठ चावत, वर तुळयांकडे बघत. ओडेसा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि या वेळी तिला काहीच ओळखता आलं नाही. मग मॅरेन बाकांकडे वळली.

"आई, ते चार वर्षांनी केलं तर चालेल का गं?"

पॉलांनी टोपी डोक्यावर चढवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते कोणी बघू नये म्हणून त्या कोटाची बटणं लावत होत्या, वरचं खालच्यात. "वायरी काही पळून जात नाहीत," त्या म्हणाल्या. "जा तू."

"येते मग मी," मॅरेन ओडेसाला म्हणाली.

आता काहीतरी औपचारिक बोलायला हवं होतं, कॉलेजतर्फे, हात मिळवून. वेंडेलला कळवायला हवं होतं. बाहेर बर्फ साचत होता आणि दोन तासांचा रस्ता बाकी होता. ओडेसाने पायाची गार पडलेली बोटं हलवून पाहिली, उजवा गुडघा वाकेल तेवढा वाकवला, आणि हात पसरून म्हणाली, "ये. आता कुठून येतेस बघू."